पांढऱ्यावर काळे

हल्ली एका नव्या पुण्यकर्माचा जिकडेतिकडे गाजावाजा चालला आहे. त्याचे नाव 'जळालेला फोटो वाचवणे'. जळालेला म्हणजे आगीत सापडलेला नव्हे; काढताना उजेड गरजेपेक्षा जास्त शिरल्यामुळे ज्याचा काही भाग पांढराफटक पडला आहे असा. लग्नातल्या नवरीचे कपाळ गेले, बारशाच्या पाळण्याची झालर गेली, वसईच्या किल्ल्यामागचे आकाश गेले, की मंडळी हळहळतात आणि संगणकवाल्याचे दुकान गाठतात. तो जरा इकडे, जरा तिकडे बोट फिरवतो आणि चहा निवायच्या आत गेलेले आकाश ढगांसकट परत आणून देतो. आता तर दुकानापर्यंतही जायला नको. खिशातला मोबाईलच हे काम करतो, आणि तेही न सांगता.

माझे भांडण संगणकाशी नाही, मोबाईलशी नाही, दुकानदाराशी तर मुळीच नाही. माझे भांडण 'वाचवणे' या शब्दाशी आहे. विहिरीत पडलेले मूल वर काढले तर ते वाचवले. विहिरीत पडलेले मूल सापडले नाही म्हणून शेजारच्या गावातले तेवढ्याच वयाचे मूल आणून आईच्या मांडीवर ठेवले, तर त्याला काय म्हणायचे? फोटोच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींना आपण आज एकच शब्द वापरतो आहोत, एकाच दराने पैसे मोजतो आहोत, आणि दोन्हीबद्दल सारखेच आभार मानतो आहोत.

फोटोत पांढरे पडते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. यात अवघड काही नाही. आषाढातल्या पावसात अंगणभर सारखे हंडे मांडून ठेवावेत आणि तासाभराने कुठल्या हंड्यात किती पाणी साचले ते मोजावे, तसा हा प्रकार आहे. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असे. आता तिच्या जागी एक पट्टी असते, मोबाईलमध्ये बोटाच्या नखाएवढी, मोठ्या कॅमेऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढी. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी, कोट्यवधी सूक्ष्म हंडे मांडलेले असतात आणि त्यांत पाण्याऐवजी उजेड साचतो. जिथे अंधार तिथे हंडा रिकामा, जिथे सावली तिथे अर्धा, जिथे ऊन तिथे काठोकाठ. पण हंडा एकदा काठोकाठ भरला, की त्यानंतर त्यावर आणखी दोन तांबे पाणी पडले काय आणि दोनशे घागरी पडले काय, हंडा एवढेच सांगणार, 'मी भरलो.' किती वाहून गेले ते त्याला ठाऊक नसते. शेजारीशेजारी असे हजारो हंडे भरले, की तेवढ्या भागातला सगळा फरक नाहीसा होतो. खाडीकाठच्या मिठागरात भर दुपारी मिठाच्या राशीचा फोटो काढा; राशीवरचा खडा न् खडा डोळ्यांना दिसत असतो, पण फोटोत नुसता पांढरा त्रिकोण उमटतो. तो पांढरा रंग मिठाचा नव्हे. 'इथले मला मोजता आले नाही' असे सेन्सरने दिलेले ते उत्तर आहे.

हे उत्तर प्रामाणिक आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता वाचवण्याचे तीन प्रकार आहेत. ते एकमेकांपासून वेगळे काढले नाहीत तर या वादाला अर्थच उरणार नाही.

पहिला प्रकार खऱ्या वाचवण्याचा. कॅमेरा आपल्याला जो तयार फोटो देतो, ज्याला जेपेग म्हणतात, त्यात तांबडा, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. परंतु सेन्सरने मोजलेली मूळ नोंद याहून फार बारीक असते. 12 बिटांच्या नोंदीत 4096 पायऱ्या, 14 बिटांच्या नोंदीत 16384. या मूळ नोंदीला 'रॉ' म्हणतात, म्हणजे कच्चा माल. कच्च्या मालाचा पक्का माल करताना वरच्या टोकाचे बरेच काही पांढऱ्यात दडपले जाते. पुष्कळदा आणखी दुप्पट उजेड मावेल एवढी जागा मुळात शिल्लक असते. ज्याने रॉ जपून ठेवला आहे त्याला संगणकावर तो दडपलेला भाग खाली ओढून पुन्हा दिसता करता येतो. नवरीच्या शालूचा पदर पांढरा पडलेला वाटत होता, त्यातली जर दिसू लागते. ही जर कोणी नव्याने विणलेली नाही. ती होतीच, फक्त झाकली गेली होती. असे काम करणाऱ्या कारागिराला मी हात जोडते.

दुसरा प्रकार अंदाजाचा. प्रत्येक ठिकाणी तीन रंगांचे माप असते आणि तिन्ही हंडे एकदम भरतातच असे नाही. दिवसाच्या उजेडात बहुधा हिरवा आधी भरतो, तांबड्यात आणि निळ्यात थोडी जागा उरते. मग संगणक त्या दोघांची साक्ष घेऊन तिसऱ्याचा जबाब जुळवतो. तो दर वेळी बरोबर असेलच असे नाही. कधी ढगाला गुलाबी छटा येते, कधी कातडी राखाडी पडते. तरी निदान दोन साक्षीदार त्याच जागेचे, त्याच क्षणाचे असतात. संशयाचा फायदा द्यावा असे हे प्रकरण आहे.

तिसरा प्रकार तिन्ही हंडे भरून वाहिल्यानंतरचा. इथे मोजलेले काहीच उरलेले नसते. आपल्या भाषेने हा प्रश्न कधीच निकालात काढलेला आहे. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पण आजचे यंत्र म्हणते, येईल. या आडात नसेल तर दुसऱ्या आडातून काढू, पोहऱ्याला कुठे कळते आहे! फोटोशॉप हा कार्यक्रम 1990 साली बाजारात आला. 2010 साली त्यात आजूबाजूचे पाहून मधले भोक आपोआप बुजवण्याची सोय झाली, आणि 2023 साली नुसते शब्द सांगताच नवे चित्र भरून देण्याची. या शेवटच्या सोयीमागे जी कृत्रिम बुद्धी आहे ती असंख्य फोटो पाहून तयार झालेली असते. पांढऱ्या जागेत तिथे काय होते हे तिला माहीत नसते. अशा जागी बहुतेक फोटोंत काय असते एवढेच तिला माहीत असते. त्यामुळे ती जे भरते ते देखणे असते, सफाईदार असते, आणि परके असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चंद्राचे आहे. परवाच्या कोजागरीला दुधाच्या पातेल्याबरोबर चंद्राचाही फोटो ज्यांनी काढला असेल त्यांना अनुभव असेल, की काळ्या आकाशात चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका येतो. कॅमेरा सगळा काळोख पाहतो, उजेड कमी आहे असे समजून दार जास्त उघडतो, आणि बिचारा चंद्र भाजून निघतो. काही मोबाईलांत मात्र डागांसकट, विवरांसकट चंद्र उमटतो. मार्च 2023 मध्ये एका माणसाने या चमत्काराची परीक्षा घेतली. त्याने चंद्राचे एक चांगले चित्र घेतले, ते 170 गुणिले 170 ठिपक्यांचे इवलेसे केले, वर मुद्दाम पुसट केले आणि संगणकाच्या पडद्यावर लावले. खोलीतले दिवे घालवून, पलीकडच्या टोकाला उभे राहून सॅमसंगच्या मोबाईलने त्याचा फोटो काढला. पडद्यावर जे मुळी नव्हतेच ते बारकावे फोटोत आले. मग त्याने पडद्यावरच्या चंद्राचा उजळ भाग पार पांढरा करून टाकला. म्हणजे आपण ज्याला जळालेला म्हणतो तसा. तरीही मोबाईलने त्या कोऱ्या पांढऱ्यावर चंद्राची कातडी चढवली! कंपनीने खुलासा केला, की यंत्र चंद्र ओळखते आणि त्याचे तपशील अधिक स्पष्ट करते, आणि ही सोय बंदही ठेवता येते. खुलासा मी अमान्य करीत नाही. पण वाचकहो, कोजागरीच्या रात्री 'को जागर्ति' असे विचारीत लक्ष्मी फिरते म्हणतात. जागा कोण आहे या प्रश्नाचे उत्तर आता 'यंत्र जागे आहे आणि आम्ही झोपलो आहोत' असे द्यावे लागणार काय?

चंद्र निदान सर्वांचा एकच आहे. तो नेहमी एकच बाजू दाखवतो, तेव्हा उसना आणलेला चंद्रही फारसा चुकत नाही. आपल्या गावाचे तसे नाही.

मी गोखिवऱ्यात मुलांना शिकवते. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला, आणि शेते जाऊन गाळे आणि इमारती उठण्याचे काम तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आजच्या मुलांना इथे भात पिकत होता हे सांगावे लागते. म्हणून 'माझे गाव' या विषयावर मी मुलांना घरातले जुने फोटो आणायला सांगते. एका मुलाने आजोबांचा फोटो आणला. बांधावर उभे, खांद्यावर घोंगडी, मागे लावणी झालेले शेत. मूळ फोटोत आकाश आणि डोंगर पांढऱ्यात बुडाले होते. मुलाच्या काकांनी हौसेने मोबाईलवर तो 'वाचवून' दिला होता. मागे डोंगर आला होता खरा, पण कुठला? त्याला टोकदार सुळके होते आणि सुळक्यांवर बर्फासारखे काहीतरी चमकत होते. पायथ्याशी सुरूसारखी झाडे ओळीने उभी होती. वर्गाच्या खिडकीतून तुंगारेश्वर दिसतो, पोराने एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा फोटोकडे, आणि विचारले, "बाई, तेव्हा डोंगर असा होता का?"

या प्रश्नात थट्टा नव्हती. मुलाला वाटले, शेते गेली, विहिरी बुजल्या, तसा डोंगरही बदलला असेल. त्याचा फोटोवर विश्वास होता, म्हणून त्याने खिडकीवर संशय घेतला. हीच माझी भीती आहे. गोखिवऱ्याला इतिहासकार मिळालेले नाहीत. या गावाचे जे काही चित्र पुढच्या पिढीला मिळेल ते असल्याच पाचपन्नास घरगुती फोटोंतून मिळेल. त्यांतल्या पांढऱ्या जागा जर जगभरच्या डोंगरांच्या सरासरीने भरून निघाल्या, तर आणखी तीस वर्षांनी खरे गाव कोणते हे सांगायला कोण असेल? पांढरी जागा पाहून माणूस विचारतो, 'इथे काय होते?' भरलेली जागा पाहून कोणी काहीच विचारीत नाही.

आता माझ्यावर आक्षेप येतील. ते मी आधीच मांडते.

पहिला आक्षेप असा, की बाई, हे सगळे पूर्वीपासून चालत आले आहे. फोटोवाले कधी हरिश्चंद्राचे अवतार होते? हे म्हणणे अगदी खरे आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. त्या वेळच्या काचांना निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे जमिनीचे चित्र नीट यावे तो आकाश जळून पांढरे होई. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी. दोन्हींवरून एकच चित्र छापायचे. पुढे अंधाऱ्या खोलीतले कारागीर कागदावर उजेड पाडताना पुठ्ठ्याच्या तुकड्याने किंवा नुसत्या हाताने आडोसा करून एखादा भाग फिका ठेवीत, एखादा गडद करीत. गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करून देवीचे व्रण आणि सुरकुत्या घालवून देत. आणि आपले दादासाहेब फाळके? ते आधी फोटोग्राफर, जादूचे प्रयोग करीत ते आपलेच नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने, आणि 1913 साली त्यांनी पडद्यावर जी माया उभी केली तिचे नाव तर 'राजा हरिश्चंद्र'!

पण यातले प्रत्येक उदाहरण नीट पाहा. अंधाऱ्या खोलीतला कारागीर जो भाग गडद करी तो निगेटिव्हमध्ये असे. म्हणजे तो माझ्या पहिल्या प्रकारातला माणूस. ल ग्रे याचे आकाश दुसऱ्या वेळचे असेल, पण ते खरोखर कुठेतरी दिसलेले, त्याने स्वतः टिपलेले आकाश होते, आणि तो चित्र म्हणून ते विकत होता, अमुक दिवसाच्या हवामानाचा दाखला म्हणून नव्हे. फाळक्यांच्या प्रेक्षकाने तिकीट काढले ते मायेचेच. टचिंग करणारा मात्र थोडासा लबाड होता, हे मी मान्य करते. पण त्याची पेन्सिल निगेटिव्हवर तिरप्या उजेडात दिसे, आणि टचिंग केले आहे हे घरातल्या सर्वांना माहीत असे. म्हणून मुद्दा हत्याराचा नाही. पाहणाऱ्याला काय सांगितले, एवढाच मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप माझ्या धंद्यावर येईल. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने कल्पनेला नावे ठेवावीत हे शोभत नाही, असे कोणी म्हणेल. उलट मलाच ते शोभते. न झालेले लग्न लावणे, न मेलेला माणूस मारणे, हा माझा रोजचा उद्योग आहे. खोटे किती सहज खऱ्यासारखे दिसते हे मला जितके ठाऊक आहे तितके फोटोवाल्याला नसेल. पण माझ्या पुस्तकावर 'कादंबरी' असे छापलेले असते. त्या चार अक्षरांनंतर मला वाटेल ते करण्याची मुभा मिळते. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर मी कादंबरी लिहिली तर मला पोलीस नेतील, आणि ते योग्यच होईल. फोटो हा सातबाऱ्याच्या जातीचा आहे. अमुक माणूस, अमुक दिवशी, अमुक जागी, उजेडासमोर उभा होता, एवढेच तो सांगतो, आणि एवढ्यासाठीच आपण त्याला देव्हाऱ्याशेजारी जागा देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मायेचा आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे सर्वांत जड जाते. लोक म्हणतात, वर्तमानपत्राचे, कोर्टाचे काय ते तुम्ही सांभाळा. आमच्या घरातला फोटो आम्ही सजवला तर कोणाचे काय बिघडले? हौसेला मोल नसते.

यावर एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या आळीत एक आगरी कुटुंब आहे. त्यांची आजी गेली. साऱ्या जन्मात मिठागरावर राबलेली बाई. स्वतःसाठी म्हणून फोटोला ती कधी बसली नाही. तिचा एकच जवळून काढलेला फोटो घरात होता, मुलाच्या लग्नातला, अडतीसएक वर्षांपूर्वीचा. फोटोवाल्याने फ्लॅश अगदी तोंडासमोर मारलेला. त्यामुळे कपाळ, नाकाचा शेंडा आणि एक गाल कागदासारखा पांढरा. वर्षश्राद्धाला मोठी तसबीर करायची म्हणून नातवाने तो फोटो वाचवून आणला. तसबीर भिंतीवर चढली. चेहरा भरून निघाला होता. कातडी गुळगुळीत, रंग चार पायऱ्या उजळ, ओठांवर मंद हसू. नातवंडे खूश झाली. आजीची थोरली लेक सासरहून आली, तसबिरीसमोर पदर सावरून उभी राहिली, आणि म्हणाली, "ही आमची आय नाय."

तिने कारण सांगितले ते फार साधे होते. आईच्या कपाळावर गोंदण होते. तीन ठिपके, हिरवे. तसबिरीत कपाळ स्वच्छ होते. यंत्राला कोण सांगणार, की या बाईच्या कपाळावर लहानपणीच गोंदलेले आहे? त्याने पाहिलेल्या असंख्य कपाळांवर तसे नव्हते; म्हणून हिच्याही कपाळावर ते राहिले नाही. ज्या खुणेने लेक आईला ओळखत होती ती खूण नेमकी पांढऱ्या जागेत होती.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. लेकीने जुनी पेटी उघडायला लावली. तळाशी बिस्किटांच्या डब्यात लग्नाच्या निगेटिव्ह होत्या. तिने पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते, उजळ ते काळे दिसते. आजीचे कपाळ काळेकुट्ट होते आणि त्या काळ्यात तीन फिकट ठिपके अगदी बारीक, पण होते! फिल्मचा हा मोठेपणा आहे. रंगीत निगेटिव्ह जास्त उजेड पुष्कळसा पोटात घालते. सेन्सरच्या हंड्यासारखी ती एकदम काठावर येऊन थांबत नाही, हळूहळू मंदावते. छापलेल्या कागदावर जे पांढरे पडले होते ते निगेटिव्हमध्ये दाट होऊन बसलेले होते. तीच पट्टी नीट स्कॅन करून घेतली तेव्हा कपाळ आले, गोंदण आले, गालावरची सुरकुतीही आली. पहिल्यापेक्षा आजी म्हातारी दिसू लागली आणि काळी दिसू लागली. लेक म्हणाली, आता बरी दिसते.

याला मी वाचवणे म्हणते. आणि पहिल्या तसबिरीला मी काय म्हणावे? तिच्यात कोणाचे काय बिघडले ते एवढेच, की ज्या नातवंडांनी आजीला पाहिले नव्हते त्यांना दुसरीच बाई आजी म्हणून मिळाली असती, आणि त्यांच्या मुलांना तीच. तिच्यापुढे उदबत्ती लागली असती. माणूस दोनदा जातो म्हणतात, एकदा देहाने आणि एकदा आठवणीतून; ही तिसरी तऱ्हा, की आठवणीच्या जागी दुसरे कोणी येऊन बसावे.

आणि यंत्राने तिला उजळ का केले, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. हा रोग जुना आहे. कोडॅक कंपनी रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी दुकानांना जो नमुना पाठवी त्यावर कित्येक वर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिची कातडी ठीक दिसली की सगळे ठीक. सावळ्या माणसांनी आपापल्या फोटोत दिसेल तसे दिसावे. आपल्याकडच्या स्टुडिओंनी त्यावर वरताण केली. नवरी गोरी दिसावी म्हणून उजेड मुद्दाम जास्त ठेवायचा, नाक गेले तरी बेहत्तर! म्हणजे आधी आपणच चेहरा जाळायचा, आणि मग यंत्राकडून दुसरा मागून घ्यायचा. लग्नाच्या फोटोंचे ज्यांचे ठरायचे आहे त्यांनी फोटोग्राफरला एवढेच सांगावे, 'मुलगी आहे तशी येऊ द्या.'

घराबाहेर या गोष्टीचे गांभीर्य लोकांना कळू लागले आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत 2015 साली शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्यांपैकी 20 टक्के प्रवेश बाद करण्यात आले, कारण मूळ नोंद मागवून ताडून पाहता त्यांत नको तेवढा हात फिरवलेला आढळला. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. त्याच्या 63 व्या कलमाप्रमाणे संगणकीय नोंद पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या नोंदीचा 'हॅश' नावाचा आकडा लिहावा लागतो. तो नोंदीच्या अंगठ्यासारखा असतो. फोटोतला एक ठिपका बदलला तरी आकडा बदलतो. लायका कंपनीने 2023 च्या ऑक्टोबरात असा कॅमेरा काढला, की जो फोटो टिपतानाच त्याच्या जन्माचा दाखला त्याच्यात गुंफून ठेवतो. कोर्टाला फोटोचा अंगठा लागतो, वर्तमानपत्राला जन्मदाखला लागतो. मग घरच्या आईच्या फोटोलाच तेवढी बेवारशी का?

म्हणून दिवाळीच्या या आनंदाच्या दिवसांत, सगळे घर एकत्र जमलेले असताना, मी चार गोष्टी मागते.

पहिली, फोटो काढताना थोडा काटकसरीने उजेड घ्या. काळोख्या अंगणात पणत्यांचा फोटो काढताना पडद्यावरच्या ज्योतीवर बोट दाबा आणि उजेड खाली ओढा. सावलीत लपलेले मागाहून उजळ करता येते, पण वाहून गेलेले परत येत नाही. पणतीच्या ज्योतीचा गाभा मात्र पांढरा राहणारच. तो राहू द्या. ती ज्योत आहे.

दुसरी, जुना फोटो दुरुस्तीला देण्याआधी निगेटिव्ह शोधा. पेट्या, डबे, पोटमाळे उघडा. दिवाळीची साफसफाई अशानेच सार्थकी लागते.

तिसरी, दुरुस्त केलेला फोटो मिळाला म्हणून मूळ फोटो फेकू नका, आणि मोबाईलमधला असेल तर पुसू नका. दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. दुकानदारानेही गिऱ्हाइकाला उघड सांगावे, 'इतके तुमच्या फोटोतले आहे आणि इतके माझ्या यंत्राचे.' सोनार घट किती ते सांगतो. फोटोवाल्याने का सांगू नये?

चौथी सर्वांत स्वस्त आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीत फोटोच्या पाठीवर लिहिण्याची चाल होती. कोण, कुठे, कोणत्या साली. ती चाल पुन्हा सुरू करा. फराळाची ताटे उचलून झाली की अल्बम मधोमध ठेवा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की या पांढऱ्या जागेत काय होते? ते सांगतील, इथे विहीर होती, हिच्या कपाळावर गोंदण होते, या डोंगरावर पावसाळ्यात धबधबा दिसे. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत पाठीवर लिहा, आणि कोणी सांगितले त्याचे नाव घाला. सांगणाऱ्याची चूकही होईल. पण ती चूक त्या माणसाची असेल, त्याच्या नावासकट.

फोटोचा पुढचा भाग उजेडाने लिहिलेला आहे, त्यावर आपला अधिकार चालत नाही. पाठ कोरी आहे. पांढऱ्यावर काळे करायची हौस असेल त्याने तिथे करावे.